पाडव्याची संध्याकाळ, पावणेआठ

४ फेब्रुवारी २०२१, रात्र

चीनच्या सिचुआन प्रांतातल्या शिचांग तळावरून ‘लाँग मार्च ३-बी’ जातीचं रॉकेट सुटलं, तेव्हा तिथे रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते. आपल्याकडे नऊ. रॉकेटचा क्रमांक वाय-७७. टीजेएस-६ नावाचा उपग्रह त्याने वर नेला, ठरलेल्या वाटेला लावला, आणि मोहीम फत्ते झाल्याचं जाहीर झालं.

रॉकेटचा तिसरा टप्पा मात्र वरच राहिला. लांबी बारा मीटरच्या आसपास, व्यास तीन मीटर, आणि इंधन संपल्यावरही वजन अडीच-तीन टन. दूरच्या कक्षेकडे निघालेला उपग्रह सोडला की असा टप्पा लंबवर्तुळात फिरत राहतो. एका टोकाला तो पृथ्वीपासून दोनेकशे किलोमीटरवर येतो, दुसऱ्या टोकाला पस्तीस हजारांच्या वर जातो. त्याला ठरवून समुद्रात उतरवायचं तर इंजिन पुन्हा पेटवावं लागतं. त्यासाठी इंधन राखून ठेवावं लागतं, आणि जेवढं इंधन राखावं तेवढा उपग्रह हलका करावा लागतो. हा हिशेब मांडून जगातल्या बहुतेक अवकाश संस्था असे टप्पे वाऱ्यावर सोडत आल्या आहेत. वाय-७७ चा टप्पाही तसाच सुटला.

४२२ दिवसांनी तो चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यात पडला.

शेवट आधीच सांगतो. कुणाचा जीव गेला नाही, कुणाला खरचटलंही नाही. घड्याळ ज्या अनर्थाकडे सरकत होतं तो टळला, पण तो कुणी टाळला नाही. आम्हा गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शीकरांना हे विसरता येत नाही, कारण सिंदेवाही आमच्यापासून सरळ रेषेत पंचेचाळीसेक किलोमीटरवर आहे. म्हणून हा घटनाक्रम तासातासाने मांडतो आहे.

मधले चौदा महिने

प्रत्येक फेरीत पृथ्वीजवळ आल्यावर हा टप्पा वातावरणाच्या अगदी विरळ थराला घासून जायचा. दर वेळी थोडा वेग कमी व्हायचा, आणि दूरचं टोक जवळ सरकायचं. सुरुवातीला एका फेरीला दहा तासांच्या वर लागत होते, शेवटी जेमतेम दीड तास. कक्षेचा कल साधारण अठ्ठावीस अंशांचा. म्हणजे अठ्ठावीस उत्तर ते अठ्ठावीस दक्षिण या पट्ट्यात तो कुठेही उतरू शकत होता. या पट्ट्यात महाराष्ट्र आहे, बहुतेक आफ्रिका आहे, आग्नेय आशिया आणि ब्राझील आहेत. समुद्र जास्त आहे हे खरं, पण जगातली दाट वस्तीही याच पट्ट्यात आहे.

या जातीच्या रॉकेटला लोकवस्तीवर कोसळण्याचा इतिहास आहे. फेब्रुवारी १९९६ मध्ये लाँग मार्च ३-बी चं पहिलंच उड्डाण याच शिचांगहून झालं. ते बावीस सेकंदांत डोंगरावर जाऊन आदळलं आणि शेजारच्या वस्तीची वाताहत झाली. चीनने अधिकृतपणे सहा मृत्यू सांगितले.

२ एप्रिल २०२२, पहाट

शनिवार. चैत्र शुद्ध प्रतिपदा. राज्यातले कोरोनाचे सगळे निर्बंध त्याच दिवसापासून उठले होते, आणि दोन पाडवे दाराआड काढलेल्या माणसांना सण मोकळेपणाने करायला मिळणार होता.

आमच्या झाडीपट्टीत हे दिवस मोहाचे. मोहफूल रात्री गळतं आणि ऊन चढायच्या आत वेचावं लागतं, म्हणून बाया, म्हातारी माणसं, पोरं अंधारातच टोपल्या घेऊन झाडाखाली पोचतात. वाघाच्या भीतीने घोळक्याने जातात, मोठ्याने बोलत जातात. आकाशातून काही येईल ही भीती कुणाच्या मनात नसते आणि असण्याचं कारणही नाही. देशाच्या नोंदींत १९०१ पासूनचा सर्वांत तापलेला मार्च नुकताच संपला होता. ऊन कलल्यावर सगळा गाव अंगणात, पारावर, रस्त्याच्या कडेला येऊन बसणार, हे ठरलेलंच होतं.

टप्पा पडायला अजून पंधरा तास होते. आपोआप खाली येणाऱ्या वस्तूच्या अंदाजाबाबत शास्त्रज्ञांचा एक ढोबळ नियम आहे. जेवढा वेळ उरला असेल, त्याच्या वीस टक्के चूक अलीकडे किंवा पलीकडे धरायची. पंधरा तास उरले असतील तर तीन तास आधी किंवा तीन तास नंतर. तेवढ्या वेळात टप्प्याच्या चार फेऱ्या होतात. म्हणजे त्या पहाटे जगातल्या सर्वांत हुशार माणसालाही एवढंच सांगता आलं असतं, की आज कधीतरी, पृथ्वीच्या मधल्या पट्ट्यात कुठेतरी.

याचं कारण हलगर्जी नव्हे. वरच्या विरळ हवेची घनता सूर्याच्या लहरीनुसार रोज बदलते. टप्पा कोलांट्या खात असतो, कधी आडवा, कधी उभा, आणि त्याप्रमाणे हवेचा अडथळा कमीजास्त होतो. असलं गणित शेवटपर्यंत पक्कं होत नाही.

सकाळी साडेदहा

दारोदारी गुढ्या लागल्या होत्या. नऊ तास उरले होते, चूक पावणेदोन तासांची. टप्प्याच्या एका फेरीपेक्षा जास्त.

दुपार

इथे जरा थांबतो, कारण आमच्या जंगलात उपग्रह ही परकी गोष्ट नाही. एप्रिल हा वणव्याचा महिना. जंगलात कुठे आग लागली की वरून जाणारे उपग्रह ती उष्णता टिपतात. हैदराबादजवळ शादनगरला इस्रोच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राचा तळ आहे, तिथे ही माहिती उतरते. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून ती एसएमएसच्या रूपाने थेट बीटच्या वनरक्षकाच्या मोबाइलवर येते. अक्षांश, रेखांश, तारीख, वेळ. पाडवा असो की दिवाळी, तो एसएमएस आला की वनरक्षक आणि हंगामी अग्निरक्षक निघतात.

इस्रोची सुरुवातच गावाकडे तोंड करून झाली. १९७५-७६ साली उपग्रहामार्फत सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत दूरदर्शन पोचवण्याचा प्रयोग झाला. त्याची धुरा वाहणाऱ्यांत एकनाथ चिटणीस हे मराठी शास्त्रज्ञ होते. ज्या काळात श्रीमंत देश चंद्रावरच्या पाऊलखुणा मिरवत होते, त्या काळात आपल्या शास्त्रज्ञांना शेतकऱ्याला पेरणीची माहिती कशी पोचेल याची काळजी होती. चंद्रयान-३ उतरलं तेव्हा चामोर्शीतही फटाके वाजवावेत असाच तो दिवस होता. पण इस्रोचं मोठेपण मला त्या वणव्याच्या एसएमएसमध्ये जास्त दिसतं.

आणि त्या दिवशी बोच होती ती नेमकी इथे. जंगलात पेटलेली बांधाएवढी आग अवकाशातून दिसते आणि बीटपर्यंत कळते. अवकाशातून येणारं टनावारी धातूचं धूड मात्र तहसीलदारालाही कळलं नव्हतं.

संध्याकाळी सहा ते साडेसहा

साडेसहाच्या आत सूर्य मावळला. अमावास्या आदल्या दिवशीच होऊन गेली होती, त्यामुळे रात्र काळोखी असणार होती.

६ वाजून ११ मिनिटांनी न्यूझीलंडच्या माहिया द्वीपकल्पावरून रॉकेट लॅब या कंपनीचं इलेक्ट्रॉन रॉकेट दोन उपग्रह घेऊन उडालं. त्याचा आपल्याशी काही संबंध नव्हता. पण रात्री आधी त्याचंच नाव निघणार होतं.

आपल्या टप्प्याची शेवटची फेरी याच सुमारास सुरू झाली. एका फेरीच्या वेळात पृथ्वी स्वतःभोवती बावीसेक अंश फिरते. त्या हिशेबाने आदल्या फेरीत तो आपल्याच अक्षांशावरून, पण थायलंड-लाओसच्या बाजूने गेला. आणखी एक फेरी टिकला असता तर ओमानचा किनारा आणि अरबी समुद्र. दोन्हींच्या मधली फेरी आपल्या वाट्याला आली.

पावणेसात

एक तास. चूक आता बारा मिनिटांची. ऐकायला थोडी वाटते. टप्पा सेकंदाला पावणेआठ किलोमीटर या वेगाने चालला होता, त्यामुळे बारा मिनिटं म्हणजे साडेपाच हजार किलोमीटर. अलीकडे तेवढे, पलीकडेही तेवढेच.

तरीही एक गोष्ट नोंदवायला हवी. जोनाथन मॅकडॉवेल हे तेव्हा अमेरिकेत काम करणारे खगोलशास्त्रज्ञ जगभरच्या उपग्रहांची आणि त्यांच्या उरल्यासुरल्या तुकड्यांची नोंद ठेवतात. घटनेनंतर त्यांनी सांगितलं, की हा टप्पा त्या तासाभरात खाली येईल अशी अपेक्षा होतीच. म्हणजे वेळ माहीत होती आणि वाटही माहीत होती, त्या वाटेवर भारताचा मध्यभाग होता हेही कळण्यासारखं होतं. नेमकं गाव माहीत नव्हतं. गाव माहीत नाही म्हणून कुणालाच काही सांगायचं नाही, असा त्या संध्याकाळचा कारभार झाला.

सात पस्तीस

दहा मिनिटं. चूक दोन मिनिटांची, म्हणजे नऊशे किलोमीटर. कक्षेच्या गणितावरून टप्पा या क्षणी लाल समुद्राच्या उत्तर टोकाकडे, अरबस्तानच्या वर असावा. समोर इराणचं आखात, मग अरबी समुद्राची वरची कड, मग गुजरात. समुद्र मागे पडला की पुढे बंगालच्या उपसागरापर्यंत सलग वस्ती.

सिंदेवाहीचा बाजार, भाताचं संशोधन केंद्र, रेल्वे स्टेशन, भोवतालचे मालगुजारी तलाव, सगळं आपल्या जागी होतं. जेवणं व्हायची होती. पोरं बाहेर खेळत होती.

पावणेआठ

गुजरात, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र, तीन राज्यांतल्या लोकांनी एकाच वेळी माना वर केल्या. पश्चिमेकडून आगीचे पाच-सहा गोळे एका रांगेत, मागे लांब शेपट्या सोडत, पूर्वेकडे सरकत होते. उल्का क्षणात विझते, हे विझत नव्हतं. हातातला मोबाइल काढून, कॅमेरा लावून चित्रण करायला पुरेल इतका वेळ ते दिसत राहिलं. जळगावपासून नागपूरपर्यंत आणि चंद्रपूरपर्यंत हजारो लोकांनी ते टिपलं. आवाज मात्र नाही.

वर चाललं होतं ते असं. एकशे वीस किलोमीटरच्या खाली हवा लागू लागते. ऐंशीच्या आसपास ती इतकी दाट होते, की त्या वेगाला समोरची हवाच दाबून तापते आणि झळाळू लागते. ॲल्युमिनियमच्या टाक्या वितळतात, सांधे सुटतात, एका धुडाचे अनेक तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा वेगळा जळू लागतो. ऐंशी किलोमीटरवरचा असा जाळ जमिनीवरून हजार किलोमीटरपर्यंत दिसू शकतो. म्हणूनच तो प्रत्येक गावाला आपल्याच डोक्यावर वाटला. गुजरातच्या सीमेपासून चंद्रपूरपर्यंतचं अंतर त्याने दीड-दोन मिनिटांत कापलं.

लोकांना ते सुंदर वाटलं. कुणी विमान पेटलं म्हणालं, कुणी उल्कापात, कुणी आणखी काही.

मग उजेड गेला.

त्यानंतरची पाच मिनिटं

या घटनाक्रमातला सर्वांत धोक्याचा भाग हाच, आणि त्याचं चित्रण कुणाकडेच नाही.

जळणं थांबतं ते वेग संपल्यामुळे. हवेने टप्प्याचा सगळा पुढचा वेग खाल्लेला असतो. जे वितळण्यासारखं होतं ते वितळलेलं असतं. उरतं ते न वितळणारं: पोलादाची आणि टायटॅनियमची कडी, दाबाचा वायू भरण्याच्या टाक्या, इंजिनाचे भाग. ते तीस-चाळीस किलोमीटर उंचीवरून आता जवळजवळ सरळ खाली यायला लागतात. उजेड नाही, शेपटी नाही. काळोख्या आकाशात काळं लोखंड. खाली यायला त्यांना काही मिनिटं लागतात.

त्या मिनिटांत खाली काय चाललं असेल? घरातली उरलेली माणसंही बाहेर आली असतील. काय होतं, कुठे गेलं, म्हणून जो तो अंगणात, रस्त्यावर, मोकळ्या मैदानात उभा. शेजारीपाजारी एकमेकांना मोबाइल दाखवतायत. छपराखाली असलेला माणूसही छप्पर सोडून बाहेर आलेला. डोक्यावर अजून काही येतंय हे सांगणारं कुणी नाही. एरवी लोक विखुरलेले असतात. दिवा दाखवून त्यांना उघड्यावर जमवावं आणि मग वरून लोखंड सोडावं, अशी ती पाच मिनिटं होती. हे आठवलं की माझ्या अंगावर आजही काटा येतो.

सात पन्नास, लाडबोरी

सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात एका मोकळ्या जागेवर धातूचं कडं येऊन पडलं. व्यास तीन मीटरच्या आसपास. टप्प्याचा व्यासही तेवढाच. गाडीच्या चाकाएवढं कडं डोळ्यांपुढे आणू नका. उंचापुरा माणूस दोन्ही हात पसरून आत उभा राहिला तरी दोन्हीकडे जागा उरेल, एवढं मोठं. आमच्याकडच्या एखाद्या अंगणात बाज टाकून चौघं बसलेली असतात, त्या चौघांना कवेत घेईल एवढं. ते मोकळ्या जागेवर पडलं. शेजारी घरं होती.

एवढ्यावरच निभावलं.

रात्री आठनंतर

जिल्हाधिकारी अजय गुल्हाने यांनी लाडबोरीत कडं सापडल्याला दुजोरा दिला. पोलीस आणि महसूल खात्याची माणसं गावात पोचली. वाहिन्यांवर उल्का, विमान, क्षेपणास्त्र अशा सगळ्या शक्यता फिरू लागल्या. संध्याकाळी न्यूझीलंडहून उडालेल्या इलेक्ट्रॉनचा तुकडा असावा, असा तर्कही काही अभ्यासकांनी केला. मग मॅकडॉवेल यांनी वाय-७७ चं नाव घेतलं. वेळ जुळत होती, वाटही जुळत होती.

लाडबोरीत काय पडलं हे लाडबोरीला एका परदेशी अभ्यासकाच्या नोंदीवरून कळलं. ज्याने सोडलं त्याने आधी सांगितलं नाही. ज्याच्या डोक्यावर पडणार होतं त्याला विचारायची सोय नव्हती.

३ एप्रिल आणि पुढे

दुसऱ्या दिवशी पवनपार भागात फूट-दीड फूट व्यासाचा गोळा सापडला. आसपासच्या शिवारांतून आणखी काही गोळे पुढे आले. हे गोळे म्हणजे वायूच्या टाक्या. अशा टाक्या धातूच्या कवचावर तंतूंचे घट्ट वेढे देऊन बनवतात. आत प्रचंड दाबाचा वायू मावावा म्हणून केलेला तो मजबूतपणाच त्यांना आगीतून वाचवतो. लोक बघायला जमले, हात लावून पाहिला. इथे गडचिरोली आणि चंद्रपूर यांच्यातला फरक जाणवतो. भूसुरुंगांनी माणसं गमावलेल्या आमच्या जिल्ह्यात जंगलात अनोळखी धातूचा डबा दिसला, तर माणूस दहा पावलं मागे सरतो. ही शहाणीव फार महागात मिळालेली आहे. पण आकाशातून पडलेल्या वस्तूबाबत तीच बरोबर आहे. रॉकेटच्या काही टाक्यांत हायड्रॅझिनसारखं विषारी इंधन राहिलेलं असू शकतं.

इस्रोचे शास्त्रज्ञ आठवडाभरात सिंदेवाहीला आले, तुकडे पाहिले, तपासणीसाठी घेतले. पुढच्याच महिन्यात गुजरातेत आणंद जिल्ह्यातल्या शेतांत असेच धातूचे गोळे पडले.

कायदा काय म्हणतो? १९७२ चा आंतरराष्ट्रीय दायित्व करार स्पष्ट आहे. अवकाशातून पडलेल्या वस्तूने जमिनीवर नुकसान केलं तर सोडणाऱ्या देशाने भरपाई द्यायची, चूक कुणाची हे सिद्ध करत बसायचं नाही. २४ जानेवारी १९७८ ला सोव्हिएत संघाचा कॉसमॉस-९५४ हा अणुभट्टी असलेला उपग्रह कॅनडाच्या उत्तर भागात पडला. कॅनडाने साठ लाख डॉलर मागितले, तीस लाख मिळाले. पण हा कायदा सुरू होतो नुकसान झाल्यावर. माणूस मेल्यावर त्याच्या घरच्यांना डॉलर मिळण्याची सोय आहे. आधी एक फोन करण्याची सक्ती नाही.

आता चामोर्शीचा हिशेब. टप्पा पूर्व-आग्नेय दिशेने चालला होता. त्याच दिशेने सिंदेवाहीपासून पस्तीसेक किलोमीटर पुढे, वैनगंगेपल्याड, गडचिरोली शहर आहे. आमची चामोर्शी त्या रेषेच्या थोडी दक्षिणेला, पण असे तुकडे दहा-वीस किलोमीटर सहज पसरतात. कक्षेतल्या वेगाने पस्तीस किलोमीटर म्हणजे पाच सेकंदही नाहीत. सूर्य त्या दिवशी किंचित कमी तापला असता, टप्प्याने एक कोलांटी वेगळी घेतली असती, तर लाडबोरीऐवजी आमच्याकडच्या एखाद्या गावाचं नाव वर्तमानपत्रात आलं असतं. किंवा जंगलात असं काही पडलं असतं की कुणाला कधी कळलंच नसतं.

दोष एकट्या चीनच्या माथी मारून हात झटकणं बरोबर होणार नाही. आपलंही काही बाहेर पडलेलं आहे. २००१ च्या डिसेंबरात आपल्या पीएसएलव्ही-सी३ चा वरचा टप्पा कक्षेतच फुटला आणि तीनशेहून अधिक तुकडे झाले. त्यातून इस्रो शिकली. काम झाल्यावर टप्प्यातलं उरलेलं इंधन सोडून देऊन तो निर्धोक करण्याची पद्धत पडली. जुलै २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर जुरियन बेजवळ मोठा दंडगोल वाहून आला, तो पीएसएलव्हीच्या तिसऱ्या टप्प्याचा निघाला. चंद्रयान-३ ला वाटेला लावणारा आपला क्रायोजेनिक टप्पा १४ जुलै २०२३ ला वर गेला आणि १२४ दिवसांनी, १५ नोव्हेंबरला, कुणाच्याही नियंत्रणाविना उत्तर पॅसिफिकवर उतरला. ज्या मोहिमेचा आपण सर्वांत मोठा उत्सव केला, तिचा शेवटचा टप्पा आणि लाडबोरीचा टप्पा एकाच जातकुळीचे. आपल्याला पॅसिफिक मिळाला, चीनला सिंदेवाही. इस्रोने मात्र तो कधी, कुठे उतरला हे जाहीर केलं, हा फरक मी मोलाचा मानतो.

आणि इस्रो एवढ्यावर थांबलेली नाही. सिंदेवाहीनंतर शंभर दिवसांनी, ११ जुलै २०२२ ला, बेंगळुरूत अवकाशातल्या वस्तूंवर नजर ठेवणाऱ्या तिच्या केंद्राचं उद्घाटन झालं. ७ मार्च २०२३ ला मेघा-ट्रॉपिक्स हा जवळजवळ हजार किलोचा जुना उपग्रह उरलंसुरलं इंधन वापरून, टप्प्याटप्प्याने खाली आणत, पॅसिफिक महासागरात ठरवलेल्या जागी उतरवला गेला. तो उपग्रह बांधताना असं उतरवण्याचा विचारही झालेला नव्हता. १४ फेब्रुवारी २०२४ ला कार्टोसॅट-२ हिंदी महासागरावर संपला. २०३० पासून भारताची कुठलीही अवकाश मोहीम मागे कचरा ठेवणार नाही, असं ध्येय संस्थेने एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केलं. या कामाला फटाके वाजत नाहीत. मला ते चंद्रावर उतरण्याच्या तोडीचं वाटतं.

उणीव आहे ती शेवटच्या मैलात. बेंगळुरूच्या केंद्राला आज कळतं, की अमुक तासात अमुक टप्पा भारतावरून जाताना पडू शकतो. ते गडचिरोलीच्या जिल्हाधिकाऱ्यापर्यंत, तिथून पोलीस पाटलापर्यंत पोचायला हवं. गाव रिकामं करायची गरज नाही. आकाशात जाळ दिसला तर दहा मिनिटं छपराखाली थांबा, एवढंच सांगायचं आहे. २०२३ साली सरकारने देशभर टप्प्याटप्प्याने लोकांचे मोबाइल वाजवून धोक्याच्या सूचनेची चाचणी घेतली होती. साधन हाताशी आहे. इस्रो, राज्य आपत्ती व्यवस्थापन आणि जिल्हा प्रशासन यांनी बसून एकदा पद्धत ठरवावी आणि मध्य भारतातल्या जंगलजिल्ह्यांत ती आधी लावावी, कारण इथे पडलेली वस्तू सापडायलाच दिवस लागतात.

वर सोडलेले टप्पे कमी होत नाहीत. ३० डिसेंबर २०२४ ला केनियातल्या मुकुकू गावात अडीच मीटर व्यासाचं, पाचशे किलोचं धातूचं कडं आकाशातून पडलं. तिथेही कुणाला लागलं नाही.

अशी पद्धत ठरेपर्यंत वाचणाऱ्यांनी एवढं करावं. आकाशात सावकाश सरकणारी जळती रांग दिसली तर बघा, पण छपराखालून बघा, आणि उजेड गेल्यावर लगेच बाहेर धावू नका. शेतात, जंगलात, तलावाकाठी अनोळखी धातूचा गोळा किंवा पत्रा सापडला तर त्याला हात लावू नका, तो फोडू नका, भंगारात विकू नका. पोरांना आणि जनावरांना लांब ठेवा, आणि पोलीस पाटलाला सांगा किंवा ११२ लावा.